खरा वारस कोण?

(महाराणी ताराबाईंच्या आयुष्यातला एक न सुटलेला गुंता)

माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लावून दिली. आमच्या मुळशी तालुक्यातल्या डोंगरकपारीच्या गावांत त्या पिढीची कितीतरी माणसे १ जूनलाच जन्मलेली आहेत, त्यामुळे त्याचे कुणाला नवल नाही. नवल दुसरेच आहे. वडील जन्मले ते आजीच्या माहेरी, डोंगरापलीकडे, ऐन पावसाळ्यात. वाट बंद. दसऱ्याच्या सुमारास आजी मूल घेऊन सासरी आली. तिची आधीची दोन मुले दगावलेली होती. तेव्हा भावकीत कुजबूज झाली की हे मूल हिचे नव्हे, हिच्या बहिणीचे. घराला वारस हवा म्हणून आणले. जमिनीला मोल नव्हते तोवर ती कुजबूज चुलीच्या धुरासारखी विरून गेली. अलीकडे आमच्याकडच्या माळरानालाही भाव आला. आजोबा वारले, तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज गेला, आणि तीच जुनी कुजबूज हरकतीचा कागद होऊन पुढे आली.

वाचक म्हणतील, लेख ताराबाईंवर आणि ही घरची कहाणी कशाला? तर प्रथम वर्षाला असताना मराठ्यांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा घरात हेच चालू होते. शिवछत्रपतींच्या सुनेचे चरित्र मी एरवी परीक्षेपुरते वाचले असते. पण या बाईंच्या ८६ वर्षांच्या आयुष्यात खरा वारस कोण हा प्रश्न तीनदा उभा राहिला आणि तिन्ही वेळा साऱ्या राज्याचे कान त्यांच्या शब्दाकडे लागले, हे लक्षात आल्यावर पुस्तक खाली ठेववेना.

ताराबाईंचा जन्म १६७५ चा. वडील सरसेनापती हंबीरराव मोहिते, गाव कऱ्हाडजवळचे तळबीड. शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम यांच्याशी त्यांचे लग्न झाले तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या असतील. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, येसूबाई आणि त्यांचा सात वर्षांचा मुलगा शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम दूर कर्नाटकात जिंजीला निघून गेले आणि तेथून राज्य चालवू लागले. मागाहून ताराबाईही तेथे पोहोचल्या. १६९६ साली जिंजीतच त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव शिवाजी. दोन वर्षांनी सवत राजसबाई यांना मुलगा झाला, तो संभाजी. ही दोन बाळे ध्यानात ठेवावीत, पुढचा सारा कलह त्यांच्याच पाळण्यापासून सुरू होतो.

२ मार्च १७०० रोजी राजाराम महाराज सिंहगडावर वारले. वय अवघे तीस. ताराबाई पंचवीस वर्षांच्या विधवा. त्यांनी आपल्या चार वर्षांच्याही न झालेल्या मुलाला गादीवर बसवायचे ठरवले. येथेच पहिला प्रश्न आला. रामचंद्रपंत अमात्यांसारख्या अनुभवी माणसाचे म्हणणे असे की थोरल्या घराचा वारस शाहू जिवंत आहे, गादी त्याची. ताराबाईंचे म्हणणे असे की राज्य संभाजी महाराजांच्या हातून गेले, राजारामांनी ते पुन्हा उभे केले, तेव्हा ते राजारामांच्या मुलाचे. मला विचाराल तर दोन्ही बाजूंत जोर आहे. पण एक बाजू पंचवीस वर्षांची होती आणि घोड्यावर बसली होती. पुढची सात वर्षे ताराबाईंनी औरंगजेबाला जे झुंजवले ते सर्वांना ठाऊक आहे. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड असे एकेक किल्ले बादशाहा घेत राहिला आणि मराठे ते परत घेत राहिले. इकडे मराठ्यांच्या फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात घुसू लागल्या. या कामगिरीवर पूर्वीच्या अंकांत आणि अन्यत्र पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी ती येथे विस्ताराने सांगत नाही.

१७०७ च्या आरंभी औरंगजेब वारला. त्याचा मुलगा आझमशाह गादीसाठी उत्तरेकडे निघाला आणि वाटेत मे महिन्यात त्याने शाहूला सोडून दिले. मराठ्यांत दुही माजावी हा हेतू उघड होता. पंचवीस वर्षांचा शाहू दक्षिणेकडे येऊ लागला, सरदार त्याला मिळू लागले. ताराबाईंनी जाहीर केले की हा शाहू नव्हेच, हा तोतया आहे.

विचार करा, हे खोडून काढणे किती अवघड होते! सात वर्षांचा मुलगा अठरा वर्षे शत्रूच्या छावणीत वाढला. त्याला पाहिलेली माणसे म्हातारी झाली किंवा लढाईत कामास आली. आई येसूबाई अजून दिल्लीकरांच्या ओलिसात, ती यायची होती १७१९ साली. ताराबाईंनी सरदारांना दूधभाताची शपथ घातल्याचे बखरीत सांगतात: आमच्याच पक्षाला राहू. मग चाचपणी करायला खंडो बल्लाळ चिटणीस गेले, त्यांनी पाहिले आणि खात्री झाली. मुलगा खरा होता. तेव्हा सेनापती धनाजी जाधवांपुढे पेच पडला. शपथ होती ती तोतयाविरुद्ध लढण्याची. हा तर धन्याचा नातू. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि धनाजी शाहूकडे गेले. ताराबाईंच्या बाजूने परशुरामपंत प्रतिनिधी लढले, हरले. १२ जानेवारी १७०८ ला शाहूचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला.

या भानगडीत एक बळी पडला तो आमच्या बाजूचा. शंकराजी नारायण सचिव, भोरच्या पंतसचिव घराण्याचे मूळ पुरुष. मोगलांकडून या मावळातले किल्ले परत घेणारा हा माणूस. त्यांनी ताराबाईंच्या मुलाशी इमान राखण्याची शपथ घेतली होती. खरा शाहू येऊन उभा राहिला तेव्हा इकडची शपथ मोडवेना आणि तिकडच्या धन्यावर शस्त्र उचलवेना. भोरजवळ आंबवडे येथे त्यांनी जीव दिला. शाहूने त्यांच्या लहानग्या मुलाला सचिवपद दिले. राण्या आणि राजे गादीसाठी भांडतात हे आपण वाचतोच, पण वारसाच्या वादात चाकराने मरावे हे वाचून मला वाईट वाटले. या माणसावर कुणीतरी सवडीने लिहायला हवे.

ताराबाई हरल्या, पण संपल्या नाहीत. पन्हाळ्याकडे जाऊन त्यांनी मुलाच्या नावाने कोल्हापूरची गादी उभी केली. पण १७१४ मध्ये घरातच डाव उलटला. सवत राजसबाईंनी आपल्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवले, आणि ताराबाई व त्यांचा शिवाजी पन्हाळ्यावर कैदेत पडले. ज्या मुलासाठी सारे केले तो मुलगा १७२६ साली कैदेतच देवीच्या आजाराने गेला. त्याचेही वय बापाएवढेच, तीस. पुढे साताऱ्याच्या फौजांनी कोल्हापूरकरांचा पराभव केला तेव्हा पन्हाळ्यावर ताराबाई शाहूच्या हाती लागल्या. १७३१ मध्ये वारणेचा तह होऊन सातारा आणि कोल्हापूर अशी दोन राज्ये कायम झाली. ज्याला तोतया म्हटले त्या पुतण्याच्या आश्रयाला काकू साताऱ्याच्या किल्ल्यावर जाऊन राहिल्या. शाहू महाराजांनी त्यांना मानाने वागवले. हा त्यांचा मोठेपणा खरा, पण किल्ल्याचा दरवाजा कुणाच्या हुकमाने उघडत होता हेही विसरू नये.

अठरा वर्षे अशीच गेली. शाहू महाराजांना मुलगा राहिला नाही. १७४९ मध्ये ते आजारी पडले आणि दत्तक कोण याची खलबते सुरू झाली. कोल्हापूरच्या संभाजीचे नाव निघत होते. ताराबाईंना ते कसे रुचावे? त्याच सवतीच्या मुलाच्या राज्यात त्यांचा मुलगा कैदेत वारला होता. आणि मग चौऱ्याहत्तर वर्षांच्या या आजीने अशी गोष्ट सांगितली की सारे अवाक झाले. आपला मुलगा शिवाजी वारला तेव्हा सून भवानीबाई गरोदर होती. तिला मुलगा झाला. राजसबाईंचे लोक त्याला जगू देणार नाहीत म्हणून त्याला पन्हाळ्यावरून गुपचूप बाहेर काढले. तो वाढला आहे, तेवीस वर्षांचा आहे, त्याचे नाव राजाराम. हाच इतिहासातला रामराजा. पुढे तो बार्शीकडच्या पांगावाहून आणवला गेला.

शाहूंच्या राणी सकवारबाई म्हणाल्या की हे सारे बनावट आहे. त्यांचाही स्वार्थ होता, ताराबाईंचाही होता. निःस्वार्थी असे त्या दरबारात कुणी नव्हतेच. शाहू महाराजांनी मात्र काकूच्या शब्दावर विश्वास ठेवला. १५ डिसेंबर १७४९ ला ते वारले, सकवारबाई सती गेल्या, आणि जानेवारी १७५० मध्ये रामराजा साताऱ्याच्या गादीवर बसला. पेशवे होते बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब.

तत्पूर्वी एक प्रसंग घडला. लोकांच्या मनातली शंका जावी म्हणून ताराबाई जमलेल्या फौजेसमोर, सरदारांच्या देखत, त्या मुलासह जेवायला बसल्या आणि त्या अन्नाची शपथ घेऊन म्हणाल्या की हा माझा नातू आहे. हे मी आजीला वाचून दाखवले. ती भाकरी थापत होती. ती थांबली आणि तिने एवढेच विचारले की तेव्हा बाईंना कुणी बोलायला भाग पाडले होते का. मी म्हटले, नाही. तिने पुन्हा पीठ हातात घेतले.

इंग्लंडच्या इतिहासात असाच एक मुलगा आहे. १४८३ मध्ये राजा चौथा एडवर्ड वारला. बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड गादीवर यायचा, तर काका रिचर्डने त्याच्या आईबापांचे लग्नच बेकायदा ठरवून मुलांना अनौरस म्हटले आणि स्वतः मुकुट घेतला. एडवर्ड आणि त्याचा धाकटा भाऊ लंडनच्या टॉवरमध्ये होते, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. काही वर्षांनी एक तरुण पुढे आला आणि म्हणाला, मीच तो धाकटा भाऊ. बर्गंडीची डचेस मार्गारेट, म्हणजे त्या मुलांची सख्खी आत्या, हिने त्याला भाचा म्हणून ओळखले. तेव्हाचा राजा सातवा हेन्री म्हणाला, हा पर्किन वॉरबेक, तूर्ने गावच्या नावाड्याचा पोर. १४९९ मध्ये त्याला फाशी दिले. तेथेही घरच्या एका वडीलधाऱ्या बाईच्या शब्दावर राजपुत्र उभा राहिला. फरक इतकाच की आत्याने आपला शब्द मागे घेतला नाही. आमच्या आजीबाईंनी घेतला.

तो का घेतला ते पाहू. ताराबाईंना वाटले होते की नातू गादीवर म्हणजे सत्ता आपल्या हाती. पण सत्ता पुण्याकडे सरकली होती. १७५० मध्येच पतीच्या समाधीचे दर्शन घेण्याच्या निमित्ताने त्या सिंहगडावर आल्या आणि पंतसचिवांना आपल्याकडे वळवू पाहू लागल्या. आमच्या वरच्या डोंगरावरून हवा स्वच्छ असली की सिंहगड दिसतो, आता त्याच्यावरच्या टीव्हीच्या मनोऱ्यामुळे लगेच ओळखू येतो. तेथे पन्नास वर्षांपूर्वी त्या विधवा झाल्या होत्या. समाधीपुढे उभ्या राहिल्या तेव्हा मनात पती किती आणि पेशवा किती, हे कोण सांगणार? पेशव्यांनी त्यांना पुण्यास बोलावून घेऊन सन्मान केला. इकडे रामराजाने सांगोल्याच्या मुक्कामी कारभाराचे सारे अधिकार पेशव्यांना लिहून दिल्यासारखेच केले.

ताराबाईंनी नातवाला पेशव्यांना दूर सारण्याचा आग्रह केला. त्याने ऐकले नाही. २४ नोव्हेंबर १७५० रोजी, चंपाषष्ठीच्या सणाला, त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर जेवायला बोलावले आणि दरवाजे लावून घेतले. राजा कैद झाला. मग त्यांनी सांगितले की हा आपला नातू नव्हेच, हा गोंधळ्याचा पोर आहे.

जातीचे नाव शिवीसारखे वापरले गेले आहे, त्याबद्दल मला थांबावेसे वाटते. आमच्याकडे गोंधळ घातल्याशिवाय लग्न पुरे होत नाही. गोंधळी रात्रभर संबळ वाजवून देवीला बोलावतो आणि साऱ्या घराण्यांची कुळे मुखोद्गत सांगतो. तूर्नेचा तो पोर नावाड्याचा होता, हा गोंधळ्याचा. खोटा ठरवायचा माणूस नेहमी कष्टकऱ्याच्या घरी जन्मलेला निघतो, याचा मला अनुभव नसता तर कदाचित हे ओझरते वाचून गेलो असतो.

त्यानंतर १७५१ मध्ये ताराबाईंच्या बोलावण्यावरून दमाजी गायकवाड गुजरातेतून फौज घेऊन आले, निंबला जिंकले आणि मग पेशव्यांच्या कचाट्यात सापडून कैद झाले. किल्ल्यावर शिबंदी बंड करू लागली. ताराबाईंनी आपल्याच आनंदराव जाधवांचा शिरच्छेद करवला. पण शेवटी तडजोड करावी लागली. १४ सप्टेंबर १७५२ रोजी जेजुरीच्या खंडोबापुढे ताराबाई आणि पेशवे यांच्यात शपथक्रिया झाली. त्या शपथेत ताराबाईंनी पुन्हा सांगितले की रामराजा माझा नातू नाही.

म्हणजे एक शपथ अन्नाची, दुसरी खंडोबाची, आणि दोन्ही एकाच तोंडातून. यातली एक खोटी आहे. आमच्या वर्गात यावर वाद झाला. सरांचे मत असे की पुरावा दोन्हीकडे तोकडा आहे, अभ्यासकाने निवाडा देण्याची घाई करू नये. सरांविषयी आदर ठेवूनही माझे मत मी मांडतो. रामराजा खरा होता. पहिले कारण, तो खरा म्हणून सांगितला तेव्हा ताराबाई किल्ल्यावरच्या एक वृद्धा होत्या. आणि तो खोटा म्हणून सांगितला तेव्हा त्या त्याच्यावर संतापलेल्या होत्या. माणूस रागाने नाते तोडतो, पण तेवीस वर्षांचा नातू रागाने निर्माण करता येत नाही. दुसरे कारण मला अधिक मोठे वाटते. तोतयाला मराठेशाहीत शिक्षा ठरलेली होती. पानिपतात गेलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला तेव्हा पुणे दरबाराने १७७६ मध्ये त्याला ठार केले. ताराबाईंच्या हातात रामराजा अकरा वर्षे होता. स्वतःच्या सरदाराची मान उतरवणाऱ्या बाईंनी या गोंधळ्याच्या पोराच्या केसाला धक्का लावला नाही. का लावला नाही?

सर म्हणाले, राज्याभिषेक झालेल्या माणसाला मारणे सोपे नसते. हेही खरेच आहे. असो.

आजीला जेजुरीचे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. आमचे कुलदैवत खंडोबाच. भंडारा हातात घेऊन खोटे बोललेले तिच्या हिशेबात बसत नव्हते. त्याच सुमारास गावातल्या चार जाणत्यांनी तिला निरोप धाडला होता की देवळात येऊन भंडारा उचल आणि पोरगा माझाच म्हण, म्हणजे हरकतवाले गप्प बसतील. ती गेली नाही. आईने आपले मूल आपले आहे म्हणून शपथ घ्यायची असेल तर मग देव तरी कशाला हवा, असे तिचे म्हणणे. आम्ही सर्वांनी समजावले, वडीलही थोडे रागावले. तिने ऐकले नाही. पुढे शाळेच्या रजिस्टरातले नाव, माहेरच्या गावातल्या एका म्हाताऱ्याचा जबाब आणि बरेच हेलपाटे, एवढ्यावर नोंद झाली. सात-बाऱ्यावर वडिलांचे नाव लागले. भावकीशी बोलणे मात्र अजून तुटलेलेच आहे.

ताराबाईंनी नंतरची वर्षे साताऱ्याच्या किल्ल्यावर काढली. रामराजाच्या कैदेने पेशव्यांचेही काही अडले नाही. राजा किल्ल्यात आणि कारभार पुण्यात, ही व्यवस्था त्यांना सोयीचीच होती. म्हणूनच तर त्याला सोडवण्याची कुणी घाई केली नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले, जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर वारले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ताराबाई गेल्या. शिवाजी महाराज हयात असताना जन्मलेली ही बाई पानिपताची बातमी ऐकून मेली. साताऱ्याजवळ माहुलीच्या संगमावर त्यांची समाधी आहे.

ताराबाईंच्या मागे रामराजाला माधवराव पेशव्यांनी किल्ल्यावरून खाली शहरात राहण्याची मुभा दिली. छत्रपती म्हणून त्याचे नाव चालू राहिले, पेशवाईची वस्त्रे त्याच्याच नावाने येत राहिली. ज्याच्या वंशाची खात्री नव्हती त्याच्या शिक्क्याशिवाय पेशव्यांची नेमणूक पुरी होत नव्हती, ही त्या काळातली गंमत. रामराजाला मुलगा नव्हता. १७७७ मध्ये तो आजारी पडला तेव्हा वावीकर भोसल्यांच्या घरातला एक मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव शाहू ठेवण्यात आले, आणि त्याच डिसेंबरात रामराजा वारला. त्या मुलाचे आईबाप कोण हे सर्वांना माहीत होते, विधी झालेला होता, त्यामुळे तो खरा की खोटा असे कुणी विचारले नाही. त्याच दत्तक घराण्यातला शेवटचा राजा शहाजी १८४८ साली वारला, तेव्हा त्याने घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मानला नाही आणि साताऱ्याचे राज्य खालसा केले.